एका प्लगवरची गल्ली

राजाबाईंच्या दारातल्या खांबावर काळ्या वायरीचं भेंडोळं लटकताना कुंथुनाथला दिसलं. फायबरवाले इथवर पोचले होते. त्यानं मोटरसायकल थांबवली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि पुन्हा तिथूनच परत आला. भेंडोळं होतं तिथंच होतं.

निपाणीच्या या भागात कुंथुनाथ सव्वीस वर्षं केबलवाला होता. आधी टीव्ही, मग त्याच वायरीतून इंटरनेट. सगळे त्याला कुंथू केबल म्हणत. त्याचं खरं आडनाव बहुधा बायकोलाच आठवत असेल. गेल्या वर्षी फायबर कंपनी आली, वेगाचे भले मोठे आकडे छापलेली पत्रकं घरोघरी पडली आणि बघता बघता दोन गल्ल्या हातच्या गेल्या. उरली ही एक, सत्तेचाळीस घरांची. आणि ही सत्तेचाळीस घरं एका प्लगवर चालत होती. वायरीतला सिग्नल पुढं ढकलणारा कुंथुनाथचा डबा राजाबाईंच्या माडीवर खिडकीशी होता, त्याला वीजही त्यांच्याच घरातली. बदल्यात त्यांना कनेक्शन फुकट आणि महावीर जयंतीला लाडू. लिहिलेलं, सही केलेलं काही नाही. राजाबाईंनी प्लग काढला की गल्ली बंद, आणि गल्ली बंद म्हणजे कुंथुनाथही बंद.

सरळ आत जाऊन विचारावं, तर तोंड नव्हतं. मागच्या आठवड्यात राजाबाईंची नात रचना पुण्याच्या एका कंपनीला लॅपटॉपवर मुलाखत देत होती आणि ऐन उत्तराच्या मध्यात नेट गेलं. कुंथुनाथनं फोनवर नेहमीचा मंत्र दिला होता, "मोडेम बंद करून परत चालू कर." मोडेमचा काही दोष नाही, वायरच म्हातारी झालीय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कंपनीनं रचनाला उद्या पुन्हा वेळ दिली होती.

तिसऱ्या फेरीला राजाबाईच दारात आल्या.

"कुंथू, घिरट्या काय घालाय लागलायस रं? आत ये. ह्यो माणूस काय म्हणतोय, कळंना झालंय."

आत फायबर कंपनीचा नागेंद्र उभा होता. हुबळीकडचा गडी, मराठीचा गंध नाही. राजाबाईंचं कानडी बाजारापुरतं. भाव विचारायचा आणि नको असेल तर 'बेडा' म्हणून पुढं सरकायचं, एवढंच.

"आक्का, तुम्ही बोलावलंसा व्हय ह्येला?" कुंथुनाथनं विचारलं.

"म्या कशाला बोलावू? परवा फोन आलता. कोण बाई कानडीतनं लई गोड बोलत हुती. मी आपलं हूं हूं करत ऐकलं. मधीच कसा ठेवायचा?"

कुंथुनाथचा जीव भांड्यात पडला. राजाबाईंचं हूं म्हणजे बोल बाई, ऐकतेय. पलीकडच्या बाईचं कानडी हूं म्हणजे हो. राजाबाई दहा-वीस वेळा हो म्हणून बसल्या होत्या!

हसू ओठांवर येतं न येतं तोच नागेंद्रनं त्यालाच विचारलं, "बेका, बेडा?"

"काय म्हणतोय?"

"फायबर पायजे का नको, इचारतोय."

"मग तूच सांग की. मला त्यातलं काय कळतंय? रचनाचं उद्याचं नीट व्हाया पायजे बघ. तुझ्या वायरीवर हुईल न्हवं?"

रचना जिन्याच्या पायरीवर मिटलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती. 'बेडा' हा शब्द कुंथुनाथच्या जिभेवर आला होता. एक शब्द, की हा गडी भेंडोळं उचलून चालता झाला असता. 'होतंय, होतंय' म्हणत त्यानं आजवर कितीदा वेळ मारून नेली होती. आज भीती तर वाटतच होती, पण त्या पोरीसमोर खोटं बोलणं त्याला जमेना.

"न्हाई आक्का," तो म्हणाला, "माझ्यावर न्हाई हुणार." आणि नागेंद्रकडं वळून म्हणाला, "बेकु." हवंय.

सगळे माडीवर गेले. खिडकीशी बोर्डाला एकच जागा होती. नागेंद्रनं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ कुंथुनाथच्या डब्याच्या प्लगला हात घातला. कुंथुनाथला ओरडायचं होतं. दोन्ही भाषा येत असून एकीतूनही आवाज फुटेना.

"बेडा!" मागून राजाबाई कडाडल्या. "बेडा, बेडा! हात लावायचा न्हाई त्येला. त्यो आमच्या कुंथूचा हाय."

नागेंद्रनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. कुंथुनाथनं आपल्या पिशवीतून मल्टिप्लग काढला आणि दोन्ही प्लग स्वतःच बसवले. तासाभरात फायबरचा हिरवा दिवा लागला. रचनानं लॅपटॉप उघडला, मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, आणि मैत्रीण एकदाही न अडखळता बोलत राहिली. शेजारच्या दोन बायका जिन्यात येऊन बघू लागल्या.

"आक्का," कुंथुनाथनं हळूच विचारलं, "माझा डबा ऱ्हाऊदे न्हवं हितं? फुडंबी?"

राजाबाईंची नजर नातीच्या पडद्यावर होती.

"हूं," त्या म्हणाल्या.

हे हूं मराठीतलं की कानडीतलं, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.