ऑइलात उतरलेलं पाणी

माझी आत्या रोज सकाळी चहाआधी गाडीचं बॉनेट उघडायची. ऑइलची पट्टी ओढून काढायची, जुन्या सुती कापडाला पुसून पुन्हा आत घालायची आणि बाहेर काढून उजेडाकडे धरून बघत राहायची. "रोग्याला विचारलं तर तो बरं हायच म्हणतो," ती म्हणे. "आपण बघायचं."

आत्या निवृत्त नर्स. निमगाव केतकीत तिला सगळे सिस्टर म्हणत. आठवड्यातून दोनदा ती त्या जुन्या गाडीतून शेजारच्या आबांना डायलिसिससाठी बारामतीला न्यायची. एसटीत चढण्याइतकं बळ त्यांच्या पायांत उरलं नव्हतं. मी घरून काम करत तिच्याकडे राहत होते. मागच्या सीटवर गप्प बसून त्या दोघांची वादावादी ऐकणं मला फार आवडायचं. पाणी मोजूनच प्यायचं असूनही आबा चोरून प्यायचे आणि आत्या ते त्यांच्या सुजलेल्या पापण्यांवरून ओळखायची.

एका मंगळवारी पट्टीवरचं ऑइल खुणेच्या वर आलं होतं. एरवी ही गाडी ऑइल खायची, सारखं भरावं लागायचं. निघायला तयार होऊन आलेले आबा खूश झाले. "सिस्टर, गाडी सुधारली म्हनायची की."

आत्या हसली नाही. तिने ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला दुधाळ, तपकिरी साय जमली होती. मग तिने रेडिएटरचं झाकण काढलं. त्याच्या कडेला पांढरा क्षार धरला होता, आमच्या बोअरच्या नळाला धरतो तसाच.

"आबा, हितं पाणी कोण वततंय?"

आबा वरमले. सिस्टर आपल्यासाठी एवढं करते, तर आपणही काही करावं, म्हणून गाडी निवली की ते तांब्याने बोअरचं पाणी भरून ठेवत. पाणी कमी होतंय हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आत्याला रेडिएटर नेहमी भरलेला दिसायचा.

आबांना धाप लागली होती. बारामतीपर्यंत तरी जाईलच, मग बघू, असा हट्ट त्यांनी धरला. आवाज ऐकून जमलेले शेजारीही त्यांच्याच बाजूने बोलू लागले. आत्याने किल्ली कमरेला खोचली.

"ऑइलात पाणी गेलंय, आबा. आता लोखंड लोखंडाला खाणार. वाटंत बंद पडली तर तुमाला कुठल्या उसात निजवू?"

ती रस्त्यावर गेली आणि दुधाचा टेम्पो हात करून थांबवला. आबांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. आम्ही दोघी मागे दुधाच्या कॅनांच्या मधे बसलो. संध्याकाळी परतताना आबांचा श्वास मोकळा झाला होता. आत्यावरचा राग मात्र तसाच होता.

गाडी ओढून इंदापूरच्या गॅरेजात नेली. इंजिनाचं हेड उतरवलं, तेव्हा पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गॅस्केट जळालेलं निघालं. चालवली असती तर इंजिन गेलं असतं, असं मेकॅनिक म्हणाला. नवं गॅस्केट बसल्यावर त्याने नवं ऑइल भरून, इंजिन थोडं चालवून ते ऑइल काढून टाकलं. आत्याने दोन बोटांत थेंब चोळला. "अजून दुधाळ हाय. परत काढा." रंग स्वच्छ होईपर्यंत ती तिथून हलली नाही. जे आहे ते तसंच बघायचं आणि बघितल्यावर घाबरायचं नाही, हे तिला कसं जमायचं ते मला आजही कळलेलं नाही. आबांना ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त यापुढे पाणी कमी दिसलं तर आधी सांगायचं, एवढं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

गेल्या वर्षी आत्याच आधी गेली, झोपेत. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. आबा ओट्यावर बसून राहिले. "जायाचं म्या हुतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बारामतीची पाळी होती. मी किल्ली घेऊन बाहेर आले. गाडी चालवायला आत्यानेच शिकवलं होतं, पण गावाबाहेर मी ती कधी नेली नव्हती. आबांनी दारातूनच मान हलवली. "ऱ्हाऊ दे, पोरी. आता कुणासाठी जायाचं?"

मी गाडीचं दार उघडून धरलं आणि उभी राहिले. शेवटी आबा काठी टेकत आले आणि बसले.