ओढ्याकडचा कोपरा

मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. रस्त्यात उतारा पडलेला दिसला तर वळसा न घालता सरळ जाणारी बाई मी. अंगात आलेल्या बायांना पाणी पाजून घरी पाठवलेलं आहे... तेव्हा असल्या गूढ अनुभवांच्या सदरात मी काही लिहीन, हे माझ्या ओळखीच्या कुणालाच खरं वाटणार नाही. घरात सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून इथं लिहिते, असं समजा.

आम्ही सेलूला राहतो. म्हणजे आता मीच राहते. सासर मूळ वालूरचं, पण यांची नोकरी पाटबंधारे खात्यात आणि माझी शाळा जवळ, म्हणून सेलूतच घर बांधलं. हे मागच्या वर्षी गेले. मुलगा पुण्याला.

या मुलाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. आठव्या महिन्यात. जेमतेम दोन दिवस राहिली, नाव ठेवायचंही राहून गेलं. तिला हे आणि माझे धाकटे दीर, सुभाषभाऊजी, टॉवेलात गुंडाळून इथल्याच स्मशानात घेऊन गेले. तेव्हा बायकांनी स्मशानात जायचं नसे, आणि बाळंतिणीनं तर नाहीच. दोघं परत आले, न्हाणीत पाय धुतले, आणि त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. नेमकं कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. ती गेल्यावर मला दूध उतरलं. सासूबाईंनी जुन्या धोतराच्या फडक्यानं माझी छाती घट्ट बांधली. तरी फडकं भिजायचं. त्या ते बदलायच्या.

आमच्या नगरपालिकेची स्मशानभूमी मी आतून पहिल्यांदा पाहिली ती यांच्या वेळी. फाटकातून आत गेलं की सरळ वाट. डाव्या हाताला पत्र्याची दोन शेडं, त्यात चितेचे लोखंडी सांगाडे, शेजारी लाकडांची वखार. समोर लोकांना बसायला पायऱ्या. उजव्या हाताला लिंगायत समाजाच्या समाध्या, ओळीनं, काहींवर फरशी, काहींवर नुसता मातीचा उंचवटा. त्यांच्या मागं जुनी दगडी विहीर, आता वरून जाळी टाकलेली. आणि विहिरीच्या पलीकडं, जमीन ओढ्याकडं उतरते तिथं, लहान लेकरांना पुरायचा कोपरा. तिथं ना फरशी, ना नाव. जागा निजामाच्या काळापासून हीच, असं म्हातारी माणसं सांगतात. तेव्हा भिंत नव्हती, फाटक नव्हतं, ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला न्यायचं. भिंत, नळ, दिवे सगळं नंतरचं.

होळीच्या सुमारास शेजारणीनं सहज सांगितलं, ‘मॅडम, तिथं आता तिसरं शेड होणार म्हणे. ओढ्याकडचा खोलगट भाग मुरूम टाकून सपाट करायलेत.’

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी भाऊजींना फोन लावला.

‘भाऊजी, बाळाला ठेवलं ती जागा तुम्हाला आठवते का?’

 ते म्हणाले, ‘वहिनी, इतक्या वर्सांनी इचारायलात?’

‘हो.’

‘येतो.’

मोटारसायकलवर आले. आम्ही गेलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. एका शेडात आदल्या दिवशीची राख निवत होती. माणूस कुणीच नाही. विहिरीपलीकडं मुरमाचे ढीग येऊन पडलेले, अजून पसरलेले नव्हते.

भाऊजी मधोमध उभे राहिले आणि इकडंतिकडं बघायला लागले. ‘हितं एक मोठा लिंब हुता बगा. लिंबाच्या खालच्या अंगाला... दादानंच खड्डा खंदला. मला हात लावू दिला न्हाई.’

कडुलिंबाचं झाड कुठंच नव्हतं, बुंधासुद्धा नाही. सगळीकडं वाळलेलं गवत आणि वेड्या बाभळी. ते या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, मग गमछ्यानं तोंड पुसत म्हणाले, ‘न्हाई सापडत वहिनी. सगळंच बदललंय.’

मी नुसतीच उताराकडं चालत गेले. कुठं बघायचं ते माहीत नसलं की माणूस पायांकडं बघतं, तशी.

आधी वाटलं, घाम आहे. मग काखेपासून मुंग्या आल्यासारख्या कळा निघाल्या... ज्या बायांना त्या माहीत आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांना सांगता येत नाही. पदर बाजूला करून पाहिलं. ब्लाउज दोन्हीकडून ओला झाला होता. वास तोच, दुधाचा. माझी पाळी जाऊन कित्येक वर्षं झाली आहेत.

मी घाबरले, पण सवय जात नाही. मुलांना सांगायचे ना, एकदा झालं त्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा करून बघा. मी विहिरीपर्यंत मागं आले. कळा थांबल्या. मुरमाच्या ढिगांकडं गेले, भिंतीला लागून चालले... काही नाही. मग दुसऱ्या बाजूनं, मुद्दाम भाऊजींशी काहीबाही बोलत परत उतारावर आले. त्याच ठिकाणी पुन्हा भरून आलं.

‘भाऊजी, इथं.’

‘लिंब तर जरा वर हुता वाटतं...’

‘इथंच आहे.’

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी पदर घट्ट धरला होता, तिकडंही पाहिलं असेल. कशावरून, असं विचारलं नाही. उकिडवे बसले, हातानं काटे बाजूला केले. खाली बाकीच्या जमिनीसारखीच जमीन. ‘वरून दगड ठिवले हुते आमी,’ ते म्हणाले. ‘वाहून गेले असतील.’ मग खाली बघतच म्हणाले, ‘दादा तिला मांडीवर घिऊन लय येळ बसला हुता. मी म्हनलं, चल आता. तर म्हनला, थांब जरा, गार लागंल तिला.’

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं.

भाऊजी उठले आणि विहिरीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मी तिथं खाली बसले. ब्लाउजची बटणं सोडली, पदर पुढं घेतला, आणि यायचं तेवढं येऊ दिलं. माती कोरडी होती, लगेच जिरत होतं.

पुढं दोन-चार दिवसांतच मुरूम पसरला गेला. मी परभणीला जाऊन डॉक्टरबाईंना दाखवलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, डोक्याचा फोटो काढला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘या वयातही क्वचित होतं मॅडम, काळजी करू नका,’ त्या म्हणाल्या. नेमकं कुठं असताना झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ‘घरीच’ म्हणाले. नंतर मी एकटी पुष्कळदा तिथं जाऊन उभी राहिले. सपाट मुरूम, वर ऊन. काही झालं नाही.

वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असतील तर ते कारण सांगतील, आणि मला ते समजेलही. शरीराला कशानंही काहीही होऊ शकतं, हे मला मान्य आहे. पण विहिरीपाशी नाही, भिंतीपाशी नाही, तिथंच का?  जागा बरोबर होती का हो, एवढंच विचारायचं आहे... आणि ते ज्यांना विचारायचं, तेच नाहीत.