ताठ बसायची सवय

मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आमच्या वडगावच्या घरात तयारी ठरलेली असे. मला खुर्चीत बसवायचं, पाठीमागं लोड खोचायचा आणि लोड दिसू नये असा पदर घ्यायचा. पोहे बहीण आणायची. पोलिओनं माझे पाय गेलेत हे पाहुण्यांना आधीच सांगितलेलं असायचं. कंबरही धरत नाही, एवढं सांगायला आई दर वेळी विसरायची. मग मी डावं कोपर खुर्चीच्या पाठीत अडकवून फौजदारासारखी ताठ बसायची. लग्न काही जमलं नाही. कला तेवढी अंगात मुरली.

चाळिशी उलटल्यावर मी व्हीलचेअर बास्केटबॉलच्या भारतीय संघातून थायलंडला गेले. जन्मभर विणकरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, त्यामुळं हात दणकट. बाकी आनंदच.

या खेळात शरीर किती साथ देतं ते बघून प्रत्येकीला गुण देतात. एक म्हणजे सगळ्यांत कमी साथ, साडेचार म्हणजे सगळ्यांत जास्त. मैदानातल्या पाचजणींची बेरीज चौदाच्या वर जाऊन चालत नाही. मी एक गुणाची, आणि मला धरून आमची बेरीज बरोबर चौदा. तिथं पुन्हा तपासणी होती. मला दीड पडला असता तर मी बाकावर बसणार होते, आणि तेही परदेशात जाऊन.

सरावाच्या वेळी चष्मेवाल्या तपासनीस बाई समोर येऊन बसल्या. त्यांनी बाजूला पडलेला चेंडू उचलायला सांगितला. खेळायच्या खुर्चीची पाठ बुटकी असते, तरी माझ्या कोपरानं ती शोधलीच. वाकले, चेंडू उचलला, सरळ झाले आणि वर हसलेसुद्धा. बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहिलं.

आमचे प्रशिक्षक सर चिकोडीकडचे, माझ्याहून लहान. ते तरातरा आले.

"आक्का, काय करायलाय हे? त्या दीड म्हणायल्यात!"

"मी मुद्दाम न्हाय केलं ओ सर. कुणी बघायलं की आपोआप हुतंय."

"तुम्हाला पसंत करायला आल्यात व्हय त्या? सोडा की ती खुर्ची!"

सरांनी विनंती केली म्हणून बाई पुन्हा बघायला तयार झाल्या. या वेळी दोन्ही हातांनी चेंडू घ्यायचा होता. मी कोपर सोडवलं, दोन्ही हात पुढं केले आणि पोत्यासारखी आडवी झाले. छाती मांडीवर, नाक चाकाला. चेंडू लांब गेला. झटकन उठावं, काहीच झालं नाही असं दाखवावं, असं फार वाटलं. पण उठले नाही. आई सोडली तर मला असं पडलेलं कुणी बघितलं नव्हतं. बाई शांतपणे बघत होत्या, तोंडावर कीव नाही की काही नाही. मग मी मांडीवर हात रोवून हळूहळू वर आले.

एक गुण कायम झाला. मी घरी फोन लावला.

"किती पडले?" भावानं विचारलं.

"एक!"

"कितीपैकी?"

"साडेचार."

तो म्हणाला, "असू दे गं आक्का. लई मनाला लावून घेऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाचात होते. माझं काम बास्केट करायचं नव्हतं. समोरच्या धिप्पाड बाईच्या वाटेत खुर्ची आडवी घालायची आणि आमच्या उंच पोरीला वाट मोकळी करून द्यायची, एवढंच. त्या बाईनं मला अशी धडक दिली की मी पुन्हा मांडीवर कोसळले. वरून आरडाओरडा ऐकू आला, उंच पोरीनं बास्केट करून दोन गुण मिळवले होते. वर येऊन बघते तर सगळ्याजणी केव्हाच दुसऱ्या टोकाला पोचलेल्या. मी कसं पडले ते कुणी बघितलं का, हे बघायला सवड नव्हती. चाकांना हात घातला आणि त्या धिप्पाड बाईच्या मागं सुटले.