बेंजोपुढं बसलेलं टक्कल

ऐन लग्नसराईत, वडील ठणठणीत असताना, मी डोकं आणि मिशी सफाचट करून घेतली आणि अंगावर पांढरं धोतर पांघरून ढोकीतल्या आमच्या दारात बसलो. गाढवपणा एवढाच. पुढचं सगळं आपोआप घडलं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे फळ्यावर आंबा काढतो आणि पोरं त्याचा भोपळा करतात. सुट्टी लागल्या लागल्या पुण्यात एका कार्यशाळेला गेलो आणि परफॉर्मन्स आर्ट नावाचं खूळ घेऊन परतलो. चित्र काढायचं नाही, आपणच चित्र व्हायचं. तिथल्या बाईंनी व्हिडिओ दाखवले. कुणी दिवसभर खुर्चीत नुसतं बसलंय, कुणी लोकांदेखत पियानो फोडतंय. मग म्हणाल्या, गाणंबजावणं करणाऱ्यांनी पुढं हेच उचललं. स्टेजवर गिटार आपटणं, तोंड रंगवणं, गाता गाता पुतळा होणं, सगळं इथलंच. आता तुम्ही उलटं करा, गाजणाऱ्या गाण्यातून तुमची कला काढा. सहा मिनिटांचा, मधे न कापलेला व्हिडिओ रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. आवडला तर पुण्याच्या महोत्सवात जागा.

ती जागा मला हवीच होती. वीस वर्षं एकच आंबा काढलेल्या माणसाला किती हवी असेल, विचार करा.

तेव्हापासून बूड टेकेना. गाजणारं गाणं आणायचं कुठून? कारखाना चालू असता तर उसाचे ट्रॅक्टर ढीगभर स्पीकर लावून दारावरूनच गेले असते. पण गाळप संपलं होतं आणि ट्रॅक्टर गेले होते. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचो, चहा अर्धा ठेवून उठायचो. घरात आम्ही दोघंच, वडील आणि मी. ते म्हणाले, "खरूज झाली का काय तुला?"

मग कळलं, रविवारी शेजारच्या मुलीचं लग्न. पाहुणे परंड्याचे, सोबत बेंजो पार्टी. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जाणार आणि तो परण्या, म्हणजे ती मिरवणूक, आमच्याच दारावरून. ठरलं. अंगावरून बेंजो जाऊ द्यायचा आणि आपण दगड व्हायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही. केस वाऱ्यानं हलतात, म्हणून केस नकोत. मिशीही हलू शकते. आणि दगडाला सदरा नसतो, म्हणून अंगावर वडिलांचं पांढरं धोतर.

रविवारी सकाळी वडील नवा सदरा आणायला धाराशिवला गेले आणि मी न्हाव्याकडं. "सगळंच," म्हणालो. "मिशी पण." त्यानं मोबाईलवरचं गाणं बंद केलं. एरवी वस्तऱ्यापेक्षा जीभ जास्त चालवणारा माणूस, पण शब्द काढला नाही. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, चला, गावात कलेची कदर आहे.

समोरच्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर, डाळीच्या पोत्याला मोबाईल टेकवला, चालू केला आणि उंबऱ्यावर येऊन बसलो. बेंजो जवळ येत होता. ताशा तडतडत होता, पोरं नाचत होती, जमिनीतून बुडाला हादरे बसत होते. माझ्यापासून दहा पावलांवर बेंजोमास्तरनं मला बघितलं, हात वर केला आणि सगळं बंद.

दुखवट्याच्या दारापुढून वाजवत जात नाहीत, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही ते ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी आठवलं नाही.

नवरदेव घोड्यावरून उतरला. मुलीचे वडील फेटा काढत पुढं आले. "न्हावी म्हणला तवा मला पटलंच न्हाय. सर, काय झालं? वडील सकाळी धाराशिवला निघालेले, रस्त्यातच का?"

एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण व्हिडिओ चालू होता, सहा मिनिटं सलग. आणि पापणी न मिटल्यानं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रडू द्या त्यास्नी," परंड्याचा एक म्हातारा म्हणाला आणि शेजारी बसून माझी पाठ चोळायला लागला. माणसं जमली. वडील किती सरळ होते, त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही, असं चाललं. त्यातलं अर्धं मलाही नवीन होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण गेलं वो?"

"ह्या घरातलं म्हातारं," कुणीतरी मागं न बघता सांगितलं.

गर्दी फाकली. बगलेत सदऱ्याचं पुडकं घेऊन वडील उभे होते. त्यांनी माझं टक्कल बघितलं, धोतर बघितलं, समोरचा मोबाईल बघितला. बेंजोमास्तरकडं वळून म्हणाले, "वाजवा. म्या हाय अजून."

बेंजो सुरू झाला आणि नेमकी मोबाईलची बॅटरी संपली. सहा मिनिटं तेवढी भरली होती. व्हिडिओत गाणं जेमतेम अर्धं मिनिट, बाकी सगळी शांतता. दुसरा काढायला केसही नव्हते आणि वेळही. तोच पाठवला आणि आंब्याकडं परत जायची तयारी केली.

दोन दिवसांनी पुण्याच्या बाईंचा फोन. "अख्खा बँड गप्प करायची कल्पना कशी सुचली तुम्हाला?"

"बरेच दिवस डोक्यात होती," मी म्हणालो. जागा मिळाली होती.

वडील नवा सदरा घालून अंगणात बसले होते. रविवारपासून ते माझ्याशी बोललेच नव्हते, तरी धीर करून सांगितलं की, पुण्याला बोलावलंय, हेच सगळ्यांसमोर परत करायचंय.

त्यांनी माझ्या डोक्यावर उगवलेले खुंट बघितले.

"कर बाबा. आता म्या खरंच मेलो तरी दारात एक माणूस यायचा न्हाय. म्हणतील, मास्तरचं शूटिंग चालू हाय."