मेल्यामागं बोलणारे गुरुजी

तेलगावजवळच्या आमच्या गावात कुणी गेलं की दहाव्याला आसाराम गुरुजींनी बोलायचं, असा रिवाजच पडला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका शेजाऱ्याच्या दहाव्याला ते दोन शब्द बोलले आणि अडकले ते चौदा वर्षं. जन्मभर भांडलेल्याला ते 'स्पष्टवक्ता' म्हणत. कुणाला कपभर चहा न पाजणाऱ्याची 'साधी राहणी' सांगत. "एवढी देवमाणसं जिवंतपणी कुठं राहतात कुणास ठाऊक," असं बायकोला, सत्यशीलाबाईंना, म्हणत आणि पुन्हा टोपी चढवून निघत.

गेल्या साली अर्जुनराव गेले. मोठे बागायतदार, गुरुजींचेच विद्यार्थी. त्यांच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, शेवटची दोन वर्षं शेतातल्या पत्र्याच्या शेडात काढली होती. सुनेशी पटत नाही, एवढंच कारण. भाकरी द्यायची ती मेंढरं राखणारी सारजाबाई. साऱ्या गावाला ठाऊक होतं. गुरुजीही येता-जाता विचारायचे, "आई, बरं हाय ना?" आणि उत्तर यायच्या आत पुढं निघायचे. म्हातारी गेली तेव्हा अर्जुनरावांनी गावजेवण घातलं आणि गुरुजींनी तिला 'भाग्यवान माता' म्हटलं.

आता लेकाच्या दहाव्याला नदीवर चारशे माणूस जमलं. पुढाऱ्यांचं आटोपल्यावर गुरुजी उठले. सवयीनं तोंडून गेलं, "अर्जुनरावांसारखा मातृभक्त..."

बायकांच्या घोळक्यात सारजाबाई हसली. मोठ्यानं नाही, ठसका लागावा तशी. शेजारच्या दोघींनी तोंडाला पदर लावला. गुरुजींनी भाषण कसंबसं आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते तिला शोधत माळावर गेले.

"का हसलीस गं?"

"राग आला व्हय? मला वाटलं, दुसऱ्याच कुनाचं सांगायलात."

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये."

"नगा बोलू की," ती मेंढरांकडं बघत म्हणाली. "पर म्हातारी जित्ती व्हती तवा एकदा त्याला बोलायचं व्हतं. गावात त्यो तुमचं एकट्याचंच ऐकायचा."

गुरुजी बांधावर टेकले.

पुढच्या महिन्यात सोसायटीचे जुने चेअरमन राधाकिशन गेले. गुरुजींनी नाव, वय, मुलंबाळं सांगितली, हात जोडले आणि खाली बसले. राधाकिशनचा मुलगा बजरंग घरापर्यंत आला. "गुरुजी, आमच्या बापानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

तेव्हापासून नांदूरघाटचा एक तरुण वक्ता येतो. तो प्रत्येकाला महामेरू म्हणतो. गुरुजी मागं लिंबाखाली बसतात आणि वेळेत जेवायला घरी येतात.

"आता तरी हलकं वाटतं का?" सत्यशीलाबाईंनी एकदा वाढता वाढता विचारलं.

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "खोटं सुटलं, एवढंच. खरं बोलायची वेळ होती तेव्हा मी घाईत होतो."

आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.