रुबिनाने बंद ठेवलेली सोय

नारायणगावात आमच्या घराला लागून मेहबूब यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळलेल्या मोटरी तिथे येतात आणि तांब्याची नवी तार गुंडाळून परत जातात. दुकानाच्या वर त्यांचं घर, आणि गच्चीकडच्या खोलीत त्यांची धाकटी मुलगी रुबिना. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. एकोणतीस वर्षांची आहे. चहात तीन चमचे साखर घेते, आणि चूक झाली की आधी नखं खाते, मग कबूल करते. सातवीपासून ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. आता ती लिहिते आणि मी तिचे स्वल्पविराम तपासते.

कंपनीच्या कामाखेरीज तिचं स्वतःचं एक काम आहे. प्रोग्रॅम लिहिणारे लोक ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात त्याला एडिटर म्हणतात. त्या एडिटरला वरून जोडता येईल असं एक छोटं एक्स्टेन्शन तिने बनवलं आहे. एका फाइलमध्ये एखादं नाव बदललं आणि दुसऱ्या फाइलमध्ये जुनंच राहिलं, तर ते चुकलेल्या ओळीखाली पिवळी रेघ ओढतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही वापरावं, आतलं लिखाण वाचावं, दुरुस्ती सुचवावी. चाळीस हजार लोक ते वापरतात, असं तिने सांगितलं तेव्हा मला तो आकडा पुन्हा विचारून घ्यावा लागला.

गेल्या वर्षी तिने आठ महिने खपून त्यात एक नवी सोय घातली. फोल्डर उघडताक्षणी आतल्या सगळ्याच्या सगळ्या फाइली आपोआप तपासून व्हायच्या. प्रश्न एवढाच उरला की ही सोय सुरुवातीपासून चालू द्यायची की बंद. तिच्याबरोबर हे एक्स्टेन्शन सांभाळणारे दोघे आहेत, एक कोचीचा आणि एक पोलंडचा. कोचीचा म्हणाला, बंद ठेवू. ज्याला हवी तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करेल. रुबिना चिडून माझ्याकडे आली.

"काकू, तुमच्या फोनची रिंगटोन कोणती आहे?"

"घेतला तेव्हा होती तीच."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"बघा. सेटिंगमध्ये कोणी जात नाही. बंद ठेवली तर माझे आठ महिने कोणाच्या दृष्टीलासुद्धा पडणार नाहीत."

मला तिचं म्हणणं पटलं, तसं मी सांगितलंही. पोलंडच्यालाही पटलं. एकवीस नोव्हेंबरला सोय चालू ठेवूनच नवी आवृत्ती निघाली. त्या दिवशी मेहबूबनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा पेढे दिले.

डिसेंबरच्या दोन तारखेला, सोमवारी, तक्रार आली. लिहिणारी श्रेया नावाची शिक्षिका, आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. एक्स्टेन्शन बनवणारा परदेशातच असणार असं धरून तिने अगदी अदबशीर इंग्रजीत लिहिलं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी लॅबमधल्या तीस मुलांनी एकाच वेळी आपापलं फोल्डर उघडलं आणि तीसच्या तीस कॉम्प्युटर जागच्या जागी थिजले. कॉम्प्युटर जुने होते, फाइली एकाच सर्व्हरवर होत्या. पाऊण तास गेला. कित्येकांचे पेपर अपुरे राहिले.

रुबिनाने ते मला वाचून दाखवलं नाही. फोन माझ्या हातात दिला आणि नखं खात उभी राहिली. मग विचारलं, "काकू, डॉक्टरकाकांचा कॉम्प्युटर अजून चालतो का?"

आमचे हे गुरांचे डॉक्टर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचा कॉम्प्युटर मी दर महिन्याला पुसते आणि एकदा सुरू करून बघते. रुबिनाने त्यावर आपलं एक्स्टेन्शन बसवलं, एक मोठं फोल्डर उघडलं आणि मला घड्याळ लावायला सांगितलं. बाण हलेना, अक्षर उमटेना. अकरा मिनिटं वीस सेकंद लागली. तिच्या कंपनीच्या लॅपटॉपवर याच कामाला चार सेकंद लागत. आठ महिने तिने त्याच लॅपटॉपवर तपासणी केली होती.

आम्ही शेजारी दुकानात गेलो. मेहबूब तार गुंडाळत होते. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"म्हंजे तू समद्यांचं ऑटो चालू करून दिलंस व्हय?"

त्या दुकानात वाढलेल्या पोरीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला ऑटोचं बटण असतं. ते चालू ठेवलं की रात्री-अपरात्री वीज आली तरी मोटर आपली आपण सुरू होते, शेतकऱ्याला उठून जावं लागत नाही. पण सगळ्यांनीच चालू ठेवलं, तर वीज येताच चाळीस मोटरी एकदम भार ओढतात आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग आठवडाभर कोणालाच पाणी नाही. म्हणून मेहबूब दुरुस्त केलेली मोटर विहिरीवर बसवून देताना स्टार्टरचं ऑटो स्वतःच्या बोटाने बंद करतात. तीस वर्षांचा रिवाज आहे आणि तीस वर्षं ते त्यासाठी बोलणी खातात. पिंपळवंडीचे रखमाजी तर दुकानात आले की सुरुवातच तिथून करतात: "मेहबूबभाई, रातच्याला मोटर चालू कराया मला बिबट्याच्या तोंडी धाडता, राव."

रुबिनाला तेच आठवलं असावं. ती म्हणाली, "पण अब्बा, रखमाजीकाकांचंही खोटं नाही. बंद ठेवलं तर त्रास होतोच."

"व्हतोच की. म्हून मी नुसतं बंद करून येत न्हाई. कसं चालू करायचं ते त्यांच्याच हातानं करून घेतो. मंग ज्यानं त्यानं ठरवावं."

ती वर गेली आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. कोचीच्याला तिने कळवलं की तुझंच बरोबर होतं. नव्या आवृत्तीत फक्त उघडलेली फाइल तपासली जाईल असं ठरलं. सगळं फोल्डर तपासायचं असेल तर त्याचं एक छोटं बटण खाली कोपऱ्यात दिसेल, दाबलं तरच चालेल. सोबतची सूचना तिने माझ्याकडे आणली. 'काही वापरकर्त्यांना अडचण जाणवल्यामुळे' अशी तिची सुरुवात होती. इंग्रजीत चूक नव्हती. तरी मी त्या वाक्यावर पेन्सिल ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. तिने कागद ओढून घेतला आणि लिहिलं: ही सोय मी सर्वांसाठी चालू ठेवली होती. जुन्या कॉम्प्युटरवर मी ती तपासली नाही. चूक माझी आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

श्रेयाला तिने फोनच केला. मराठी ऐकून ती बाई आधी गोंधळली, मग म्हणाली, "अहो, तुम्ही नारायणगावच्या? मी महाळुंगे पडवळची." त्या मुलांना गुरुवारी पुन्हा परीक्षेला बसवलं. त्या दिवशी रुबिना कंपनीतून रजा टाकून त्या कॉलेजात गेली आणि लॅबच्या दारात बसून राहिली. सगळे पेपर वेळेत झाले.

राहता राहिले तिचे आठ महिने. आतली कोणती सोय कोण वापरतं याची नोंद तिचं एक्स्टेन्शन ठेवत नाही. तेही तिनेच मुद्दाम तसं ठेवलेलं. त्यामुळे कोपऱ्यातलं ते बटण जगात एकाने तरी दाबलं की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. ती बोलून दाखवत नसे, पण चहाला आली की फोन टेबलावर उताणा ठेवी आणि मधूनमधून त्याकडे बघे.

दुरुस्त आवृत्ती निघाल्यापासून अकराव्या दिवशी ती लॅपटॉप उघडाच घेऊन जिना उतरली. चिलीमधल्या कोणा माणसाने लिहिलं होतं: इतकी चांगली सोय कोपऱ्यात लपवून का ठेवली आहे? मला ती सापडायला चार दिवस लागले. हा काय मूर्खपणा आहे?

मेहबूबनी दुकानातूनच विचारलं, "काय म्हंतोय?"

"शिव्या देतोय, अब्बा," ती म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता.

"मंग दे की त्याला जवाब. रखमाजीला मी देतोच ना."

ती दुकानाच्या पायरीवरच बसली आणि त्या चिलीच्या माणसाला बटण कसं दाबायचं, कधी दाबू नये, हे सविस्तर लिहू लागली. स्वल्पविराम तपासायला मला बोलावलं नाही.