पांढऱ्या घोड्यावरचे पणजोबा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शनिवारी मिल्टन कीन्सहून ट्रेनने लंडनला जायचो आणि ब्रिटिश राजवटीचे जुने कागद ठेवलेल्या रेकॉर्ड ऑफिसात पणजोबांना शोधायचो. ते इंग्रजांच्या फौजेत वायव्य सरहद्दीवर पांढऱ्या घोड्यावरून लढले, असं आत्या सांगायची.

शेजारच्या टेबलाशी एक स्कॉटिश आजी बसायच्या. आत पेन न्यायला बंदी होती, म्हणून त्या अंबाड्यात पेन्सिली खोचून यायच्या आणि हवी ती न बघता उपसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा, मोहिमेवर गेलेल्या सगळ्यांनाच मिळालेल्या पदकांच्या यादीत पणजोबा सापडले. ते सरहद्दीवर खेचरं हाकत होते. माझा पडलेला चेहरा बघून आजींनी मला बाहेर पायऱ्यांवर नेलं आणि फ्लास्कमधला चहा दिला.

"आमच्या घरातला एक जण तिथेच शूरासारखा लढला," त्या म्हणाल्या. "विशीही गाठली नाही त्याने. त्याला शोधायला नातवंडं नाहीत, म्हणून मी येते. तुमचे पणजोबा खेचरं घेऊन परत आले, म्हणून तुम्ही आहात. चहा घ्या, गार होतोय."

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला.

"सापडले का रे?" आत्याने विचारलं.

"सापडले," मी म्हटलं. "घोड्याचे कान मात्र जरा लांब होते."